दर बारा पावलांवर

(गुंजवणे, तालुका वेल्हे, इथं भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो त्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय. लिहिताना थोडं सावरून घेतलं, इतकंच.)

दोस्तांनो, आणि वस्तीतून मुद्दाम आलेल्या आयाबायांनो, जय भीम.

मला विषय दिलाय रोजच्या वापरातले शब्द. मुलखामुलखात ते कसे बदलतात, आणि त्यांचा अभ्यास करून आपल्याला काय मिळणार. विषय तसा प्राध्यापकाचा. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. दिवसभर माल चढवतो-उतरवतो, रात्री अंग साथ देईल तेव्हा कविता लिहितो. पण शब्दाशी माझी गाठ दोन्हीकडून पडते, ओझ्याकडूनही आणि कवितेकडूनही. त्या हक्कानं उभा राहिलोय.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवतात. म्हण खोटी नाही. पण अर्धीच आहे. राहिलेली अर्धी कुणी सांगत नाही. ती आज सांगायचीय. आधी बारा कोसांचं बघू.

बाहेर नजर टाका. राजगडाच्या पायथ्यापासून गुंजवणी नदीकडं खाचरं उतरत गेलीत. हा भाताचा मुलूख. पावसात रोप उपटून चिखलात लावायचं, त्याला मावळात आवणी म्हणतात. घाट उतरून कोकणात जा, तेच काम लावणी होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडं गेलात तर रोवणी. इकडं शेतात उभा तो भात आणि ताटात वाढला तोही भात. तिकडं शेतात धान, ताटात भात. इकडचं खाचर तिकडं बांधी. लावायच्या रोपाला कोल्हापूर-कोकणाकडं तरवा म्हणतात, झाडीपट्टीत पऱ्हे. आमच्या टोळीत एक भंडाऱ्याचा आहे, एक चिपळूणचा, एक इकडचा वेल्ह्याचा. डबा खाताना गावाकडच्या पावसाच्या गोष्टी निघाल्या की तिघं तीन शब्द बोलतात आणि तिघांना एकमेकांचं कळतं. कारण तिघांच्याही आयांची कंबर त्याच कामानं मोडलीय. सरकारी पत्रकात मात्र ह्या सगळ्याला एकच शब्द असतो, पुनर्लागवड. चिखलात उभ्या असलेल्या एकाही बाईच्या तोंडून मी तो ऐकला नाही.

ही दरीच घ्या. इकडं डोंगरातल्या नदीच्या खोऱ्याला मावळ म्हणतात. गुंजण मावळ, कानद मावळ, हिरडस मावळ. ह्याच पुणे जिल्ह्यात उत्तरेला जुन्नर-खेडकडं गेलात की नदीच्या नावापुढं मावळ लागत नाही, नेर लागतो. मीननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. जिल्हा एक, सह्याद्री तोच, जमिनीला नाव द्यायची तऱ्हा वेगळी.

आता ताटावर या. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं चटणी म्हणजे लाल तिखटाची पूड. पुण्या-मुंबईत चटणी म्हणजे पानात डावीकडं वाढायची वस्तू. खोलीवर स्वयंपाकाची पाळी असलेल्या पोराला 'भाजीत दोन चमचे चटणी टाक' म्हटलं, की तो कुठल्या जिल्ह्याचा आहे ते जेवताना कळतं. विदर्भात जाम म्हणजे पेरू. मुंबईच्या बाजारात जाम मागितलात तर पांढरं, पाणीदार, दुसरंच फळ हातात येईल. खानदेश-नाशिककडं डांगर म्हणजे लाल भोपळा. पुण्यात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं. शेंगदाण्याला वऱ्हाडात फल्ली. पोरीला मालवणीत चेडू, वऱ्हाडात पोट्टी, अहिराणीत आंडेर. आईला कुठं आय, कुठं माय, कुठं बय, कुठं आवस.

हे ऐकून तुम्ही हसताय. हसा. गंमत आहेच. पण माझा प्रश्न असा, की हे बारा कोस मोजायचे कुठून?

मोजायला सुरुवात करायची तर कुठंतरी शून्य पाहिजे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ ह्या काळात निघाला. काम डोंगराएवढं, त्याला सलामच. त्यात वऱ्हाडी शब्दापुढं कंसात व. असतं, खानदेशीपुढं खा., राजापूरकडच्या शब्दापुढं राजा. काही शब्दांपुढं ग्राम्य, काहींपुढं अशिष्ट. प्रमाण शब्दापुढं मात्र कंस नसतो. त्याला गाव नाही, वाडा नाही, जात नाही. तो नुसता मराठी. बाकी सगळ्यांनी आपला पत्ता कंसात लिहून आत यायचं. ज्याच्यापुढं कंस नाही, तिथून बारा कोस मोजले जातात.

शाळेत मी पानी म्हणालो की वर्ग हसायचा, आणि शिकवणारे त्या हसण्याला अडवायचे नाहीत. ण म्हण, ण. वहीवर लाल रेघ. पुढं कळलं, संस्कृतात शब्द आहे पानीय. तिथं चक्क न आहे. म्हणजे देवांच्या भाषेत न चालतो, माझ्या तोंडात आला की अशुद्ध! आता माझा न संस्कृतातून वारसाहक्कानं आला असं मी म्हणत नाही. तसलं सोवळं मला नकोच. म्हणणं एवढंच, की शुद्ध-अशुद्ध त्या आवाजात नसतं. कुणाच्या तोंडून आवाज निघाला, ते बघून ते ठरतं.

इथंच म्हणीची दुसरी अर्धी बाजू सुरू होते. भाषा बारा कोसांवर बदलते तशी बारा पावलांवरही बदलते. गावठाण संपतं, मधे ओढा किंवा नुसतीच मोकळी जागा येते, आणि पलीकडं आपली वस्ती. ती बारा पावलं कुठल्या कोसापेक्षा लांब होती ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा.

हे मी मनाचं सांगत नाही. जॉन गंपर्झ नावाचा अभ्यासक उत्तर प्रदेशात सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर गावात राहिला. १९५८ साली त्यानं त्या गावाच्या बोलण्यावर लिहिलं. त्याला असं दिसलं, की स्पृश्य जातींचं बोलणं बरंचसं सारखं, आणि भंगी, चांभार ह्यांच्या बोलण्यात मात्र वेगळेपणा. गाव एक. कामाधंद्यासाठी रोजचा संबंध. मग बोलणं वेगळं का? तर कामाचं बोलणं सोडलं की संबंध संपला. पोरं एकत्र खेळत नव्हती, माणसं एका ओट्यावर बसत नव्हती, दोस्ती नव्हती. हुकूम देण्या-घेण्यानं बोली एक होत नाही. बरोबर बसल्यानं होते. म्हणजे बोलीतला फरक हा अस्पृश्यतेचा मोजून दाखवता येणारा पुरावा आहे. कायद्यात अस्पृश्यता १९५० ला संपली. जिभेवर ती किती उरली ते शोधलं तर सापडतं.

साहेबानं आपल्या भाषा मोजल्या तेव्हाही हे दिसलं होतं. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बोलींची नावं मुलखावरून आहेत तशी जातीवरूनही आहेत. कुणबी, कोळी, कोष्टी, गोवारी, महारी. पण ते गोळा कसं केलं? बायबलातली उधळ्या पोराची गोष्ट सरकारी अंमलदारांमार्फत बोलीबोलीत उतरवून मागवली. बायबलातल्या गोष्टीत आमची खाचरं कुठून येणार? सांगणाऱ्यानं जे विचारलं तेवढंच सांगितलं.

आता आपल्या खास शब्दांकडं येतो. गावाची वेस राखायची, वर्दी द्यायची, सरकारी माणसाच्या पुढं धावायचं, दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. ह्या कामाच्या पाळीला नगर-पुण्याकडं येसकर म्हणत. सांगली-आटपाडीकडं तराळ. विदर्भाकडं कोतवाल. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ चं. दोन मुलूख, दोन शब्द, फरफट एकच. आवणी-लावणी-रोवणी आणि येसकर-तराळ-कोतवाल, दोन्ही याद्या शेजारी ठेवा. पहिलीला लोक लोकसंस्कृती म्हणतील, रंगीत पुस्तक काढतील. दुसरी यादी दिसली की वही मिटतील. आपल्याला दोन्ही हव्यात.

महारकीच्या वतनाच्या जमिनीला हाडकी म्हणत, हाडोळा म्हणत, कुठं हाडवळा. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. पण शिवारातल्या तुकड्यांची नावं लोकांच्या तोंडात राहिली. आज त्या तुकड्यात कुणाचं तरी फार्महाऊस उभं असेल, पण गुराख्याच्या तोंडी नाव अजून तेच असेल. तो शब्द मेला की तिथं आपली जमीन होती हे सांगणारा एक साक्षीदार मेला. कागद लपवता येतो, फाडता येतो. शंभर म्हाताऱ्यांच्या तोंडातलं नाव फाडता येत नाही. मात्र म्हातारे जायच्या आत ते लिहून ठेवलं पाहिजे.

ह्यावर आपल्यातलेच काही दोस्त भांडतात. कालही भांडले. म्हणाले, गुलामीचे शब्द कशाला उकरतोस? महारवाडा, येसकर, बलुतं, चान्या, हे सगळं विसरायलाच तर बाप गाव सोडून मुंबईला आला. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. बरोबरच केलं. मला कुणी कुठल्या नावानं हाक मारायची ते मी ठरवणार. पाटीवरून तो शब्द गेलाच पाहिजे. पण पाटी वेगळी आणि वही वेगळी. पाटी म्हणजे हाक, वही म्हणजे साक्ष. खुनाचं हत्यार घरात मिरवायला ठेवत नाहीत, पण नदीतही फेकून देत नाहीत. पंचनामा करून, सील लावून ठेवतात. हाकेतून शब्द काढा, साक्षीतून काढू नका.

आणि सगळे शब्द काही गुलामीचे नाहीत. शाहू पटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली काढलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यात त्याच शब्दांत आहे. मांस वाळवून चान्या करणं म्हणजे भूक ओळखून पुढच्या दिवसांची केलेली तजवीज. ते एक शास्त्र होतं. त्याला नाव होतं. पुस्तक आलं म्हणून ते उरलं. किती वस्त्यांत असं काहीच लिहिलं गेलं नाही!

शब्द नोंदवल्यानं पोट भरतं का, असंही विचारतात. भरतं. माथ्यावर ओझं वाहणाऱ्याला पुण्या-नाशकाकडं हमाल म्हणतात, तो शब्द अरबीतून आला. मुंबईत तोच माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या मागं हे कामगार उभे राहिले, आणि १९६९ साली कायदा झाला. त्याच्या नावातच माथाडी आणि हमाल हे दोन्ही शब्द आहेत. इंग्रजी प्रतीतही माथाडी तसाच ठेवलाय, भाषांतर केलेलं नाही. ज्या दिवशी तो शब्द कायद्यात गेला त्या दिवशी त्याच्यामागं नोंदणी, मंडळ, फंड, ग्रॅच्युइटी आली. ज्या कामाचा शब्द कायद्यात नाही त्या कामाचा माणूसही कायद्यात नाही. आज ठेक्यावर जी पोरं राबतात, त्यांच्या कामांची निम्मी नावं कुठल्याच यादीत सापडायची नाहीत.

गोदीत क्रेनवाल्याला खुणा करताना आम्ही ओरडतो, 'हबेस!' म्हणजे उचल. 'आरिया!' म्हणजे खाली सोड. आरिया हा शब्द पोर्तुगीज जहाजांवरचा. खलाशांच्या तोंडातून खलाशांच्या तोंडात, मग हमालांच्या, असा तो आमच्यापर्यंत आला. शाळेच्या पुस्तकात कधी दिसला नाही. पण तो चुकीचा ऐकू आला तर खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर दोन टन माल येतो. त्या शब्दाला कुणी ग्राम्य म्हणून दाखवावं. मी एका कवितेत तो वापरला, तर एका मासिकानं निरोप धाडला, वाचकाला कळेल असा शब्द घाला. मी घातला नाही. कविता परत आली. वाचक म्हणजे कोण, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं.

आता थोडं बुद्धाकडं जाऊ. मज्झिम निकायात अरणविभंग सुत्त आहे. त्यात आजचा आपला विषय जसाच्या तसा आलाय. भांडं एक. पण एका जनपदात त्याला पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, कुठं वित्थ, कुठं सराव, कुठं पोण, अशी सहा-सात नावं तिथं दिलीत. बुद्ध सांगतो त्याचा मतलब असा, की आपल्या मुलखाचा शब्द तेवढा खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरू नका, आणि जिथं जाल तिथला चालता शब्द उगाच तुडवूही नका. हट्टातून भांडण येतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आजच्या शुद्धलेखनवाल्यांपेक्षा पुढं होता. पण कान आपणही टोचून घेऊ. उद्या आपल्या वस्तीचा शब्द तेवढा खरा म्हणून आपणच पारध्यांच्या, वडारांच्या, आदिवासींच्या पोराला हसलो, तर आपल्यात आणि त्या लाल रेघेत फरक काय?

बाबासाहेबांनीही पालीचं व्याकरण आणि शब्दकोश ह्यांचं काम केलं. त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात ते १९९८ साली छापून आलं. राज्यघटनेचं ओझं पेललेला माणूस शब्दांची यादी करत बसला होता. म्हणून कुणी मला म्हणू नये, की क्रांती सोडून शब्द कसले वेचतोस.

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला. दोन्हीचे समारंभ झाले, फटाके वाजले. पण एखाद्या आजीबरोबर चाळीस शब्द सरणावर जातात, तेव्हा कुठली सभा होत नाही.

काम अजिबात होत नाही असंही नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था ह्यांनी महाराष्ट्रभर बोलींचं सर्वेक्षण केलंय, माणसांचे आवाज मुद्रित केलेत, कुठला शब्द कुठं चालतो त्याचे नकाशे केलेत. ते बघा, त्यातनं शिका. पण मोठ्या सर्वेक्षणाला प्रत्येक गावाच्या प्रत्येक वस्तीत जाता येत नाही. आपल्याला येतं. आपण तिथंच जन्मलोय.

कसं करायचं? दोन परदेशी माणसांचं सांगतो. जर्मनीत वेंकरनं १८७६ पासून गावोगावच्या शाळामास्तरांना वाक्यं पाठवली, आपल्या बोलीत लिहून धाडा म्हणून. फ्रान्सात झिलिएराँनं दुसरी वाट धरली. त्यानं एदमों नावाच्या तयार कानाच्या माणसाला सायकलवर धाडलं. १८९७ ते १९०१ त्या माणसानं ६३९ गावं पालथी घातली आणि समोर बसून, ऐकून लिहून घेतलं. मास्तराला विचारलं की मास्तरला जे बरं वाटतं ते येतं. आपण सायकलवाल्याच्या वाटेनं जायचं. तुमच्या खिशात तर फोन आहे. त्यात रील बघता, तसा कधीतरी आजीचा आवाजही भरा.

वहीत सहा रकाने पाडा. शब्द. अर्थ. ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य. गाव आणि वस्ती. सांगणाऱ्याचं वय. आणि काम, म्हणजे आयुष्यभर त्यानं काय केलं ते. नाव विचारल्याशिवाय छापायचं नाही. वस्तू हातात धरून विचारायचं, ह्याला काय म्हणता? 'शुद्ध मराठीत काय' असं विचारलंत की समोरची म्हातारी गप्प होईल किंवा टीव्हीतलं सांगेल. बायांना आधी विचारा. चूल, पाणवठा, खाचर, बाळंतपण, सगळे शब्द त्यांच्याकडं आहेत. आणि हा प्रश्न विसरू नका : तुम्ही ह्याला काय म्हणत होता, आणि गावातले काय म्हणत होते? त्या दोन उत्तरांच्या मधे बारा पावलं आहेत. यादी झाली की ती मुंबईला नेऊन कपाटात कोंबायची नाही. एक प्रत वस्तीत ठेवायची, मोठ्यानं वाचून दाखवायची, चुकलं असेल तिथं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायची. आपल्या भाषेत चूक काढायचा अधिकार आपल्या माणसांचा. त्यांना तो कुणी कधी दिलेला नाही.

शिबिराचे दोन दिवस उरलेत. पंचवीस जण आहोत. दोघादोघांच्या जोड्या करा, उरलेला एक माझ्याबरोबर येईल. प्रत्येक जोडीनं एका घरात बसायचं आणि पन्नास शब्द आणायचे. चहा दिला तर प्यायचा, काम चालू असेल तर हात लावायचा, मग विचारायचं. परवा संध्याकाळी सगळ्या वह्या इथं, ह्याच आयाबायांच्या समोर उघडायच्या.

वह्या मागच्या टेबलावर ठेवल्यात. उचला आणि निघा.

जय भीम.